कललेला संसार

महासागर ओलांडायची तयारी अंड्यांपासून सुरू होते. अंडी न धुतलेली हवीत आणि एकदाही फ्रिजमध्ये न गेलेली हवीत; थंडाव्यातून बाहेर आलेल्या अंड्याचा भरवसा उरत नाही. मग एकेक अंडं हातात घेऊन त्याला सगळीकडून व्हॅसलीन चोपडायचं, म्हणजे कवचाची बारीक छिद्रं बुजतात आणि आत हवा शिरत नाही. ती खणांच्या ट्रेमध्ये बसवायची आणि दर दोन दिवसांनी प्रत्येक अंडं उलटं करायचं, म्हणजे बलक एका बाजूला चिकटत नाही. एवढी सेवा केली की अंडं महिनाभर टिकतं. तरी शंका आलीच तर पाण्यात सोडून बघायचं: बुडालं तर चांगलं, तरंगलं तर वाईट. बोटीच्या बाबतीत हा नियम नेमका उलटा आहे, एवढाच काय तो फरक. शिडाच्या बोटीने महिना-महिना समुद्रावर राहणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक पुस्तकं निघतात, त्यांत हा मजकूर वादळाच्या प्रकरणाइतक्याच गांभीर्याने दिलेला असतो. ती पुस्तकं वाचता वाचता एक संशय बळावत जातो, की ज्याला साहस म्हणून आपण टाळ्या वाजवतो ते बहुतांशी घरकाम आहे.

'यॉट' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या पँटीतला उद्योगपती, हातात ग्लास आणि मागे मोनॅकोचा किनारा उभा राहतो. ती यॉट बाजूला ठेवू. तिच्यावरही घरकाम असतं, पण ते करायला गणवेशातली पगारी माणसं असतात, आणि महासागर ओलांडायची वेळ आली की मालक विमानाने पुढे जातो. आपला विषय आहे दहा-पंधरा मीटर लांबीची, दोन-चार माणसांची शिडाची बोट. दरवर्षी नोव्हेंबरात कॅनरी बेटांतल्या लास पाल्मास बंदरातून अशा शे-दोनशे बोटी 'आर्क' नावाच्या ताफ्यात निघतात आणि अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला पोचतात. हा ताफा १९८६ पासून निघतो आहे. अंतर सुमारे २७०० सागरी मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटर. वेळ साधारण १८ ते २१ दिवस. वेग पाच-सहा नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. सायकलवर दूध घालणारा गडी याहून जोरात जातो, फक्त तो रात्री झोपतो आणि बोट झोपत नाही, म्हणून चोवीस तासांत पुणे-कोल्हापूरएवढं अंतर पडतं. एवढ्या सायासाने का जाता असं या मंडळींना विचारलं तर मोकळेपणा, क्षितिज, शांतता, रोजच्या रहाटगाडग्यातून सुटका अशी ठरलेली उत्तरं मिळतात. माझं म्हणणं असं आहे की संसाराला कंटाळून समुद्रावर गेलेल्या माणसाला तिथे संसाराखेरीज दुसरं काहीही भेटत नाही. तोही एका खोलीचा, खारट आणि वीस अंशांत कललेला. समुद्र हा किनाऱ्यावर बसलेल्यांचा विषय आहे. बोटीवरच्यांचा विषय कांदे किती उरले हा असतो.

मराठी भाषेला हे फार पूर्वी कळलेलं दिसतं. इंग्रज माणसाला समुद्रावर ओकारी आली की तो त्या आजाराला समुद्राचं नाव देतो. आपण म्हणतो, बोट लागली. घाटात गाडी लागते, समुद्रात बोट लागते. त्रास बाहेरच्या अथांग पाण्याचा नसून आपण ज्या डब्यात कोंबले गेलो आहोत त्या डब्याचा आहे, हे निदान भाषेने एका क्रियापदात करून ठेवलंय.

आधी स्वयंपाकघर बघू, कारण बोटीवर सगळ्या गोष्टी तिथेच ठरतात. शिडात वारा भरला की बोट एका अंगावर कलते आणि वारा बदलेपर्यंत तशीच राहते. मग तो दोन तासांनी बदलो की पाच दिवसांनी. जमीन तिरकी, ओटा तिरका, कपाटं तिरकी. सरळ राहते ती एकटी शेगडी. तिला दोन बाजूंना आस असतो आणि त्यावर ती पाळण्यासारखी टांगलेली असते, त्यामुळे बोट कितीही कलली तरी बर्नर क्षितिजाशी समांतर. बघणाऱ्याला मात्र उलटंच दिसतं: घर जागच्या जागी आणि शेगडी तेवढी अंगात आल्यासारखी घुमतेय. भांडं घसरू नये म्हणून त्याला धातूच्या चिमट्यांनी दोन्ही बाजूंनी आवळतात, आणि स्वयंपाक्याला कमरेमागून पट्टा लावून ओट्याशी बांधतात; म्हणजे भांडं आणि आचारी यांची सोय एकसारखीच. आता पहाटे तीनला चहा करायचा आहे असं धरा. पहिलं काम, पावसाळी विजार चढवायची. पाऊस नसतो, पण उकळतं पाणी मांडीवर आलं तर डॉक्टर हजार मैलांवर असतो. मग मग शोधायचा आणि तो सिंकमध्ये उभा करायचा, कारण ठेवलेली वस्तू पडणार नाही अशी ती घरातली एकच जागा. चहा अर्धाच ओतायचा. साखरेचा डबा एका हाताने उघडायचा, कारण दुसरा हात बोटीसाठी राखलेला असतो, आणि उघडल्या उघडल्या बंद करायचा. चमचा वापरून झाला की 'जरा इथे ठेवतो' असं म्हणायचं नाही, कारण 'इथे' ही जागा अजून तीन सेकंदांनी 'तिथे' असणार आहे. बाहेर डोक्यावर आख्खी आकाशगंगा ओतलेली असते, शहरात कधी दिसणार नाही अशी. चहा करणाऱ्याचं लक्ष दुधाच्या डब्याच्या झाकणावर असतं.

जगभरच्या शीडबोटींवर एका भांड्याला फार मान आहे, आणि ते आहे प्रेशर कुकर. झाकणाला कडी, त्यामुळे भांडं आडवं झालं तरी खिचडी जमिनीवर येत नाही. गॅस कमी लागतो, पाणीही कमी लागतं. ज्या वस्तूला आपण हुंड्यातल्या, रुखवतातल्या रांगेत बसवलं ती वस्तू तिकडे जीवरक्षक सामानाच्या जवळपास मोजली जाते. कुकरपाठोपाठ येते साठवण. पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीवर येऊ द्यायचं नाही, कारण त्याच्या पन्हळीत झुरळांची अंडी असतात. सगळं सामान धक्क्यावरच रिकामं करून घ्यायचं. डबाबंद पदार्थांवरचे कागद आधीच सोलून टाकायचे आणि पत्र्यावर काळ्या शाईने नाव लिहायचं, नाहीतर बोटीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यात कागद सुटतात आणि पाणी उपसणाऱ्या पंपात जाऊन बसतात. शाई पुसली गेली तर मटार समजून अननस फोडला जातो, आणि फोडला म्हणून खाल्ला जातो. सर्वांत फसवा माल केळ्यांचा. बोटीवर केळी नेणं अशुभ, अशी खलाशांची जुनी समजूत आहे. आख्खा घड मागच्या बाजूला टांगून निघालेल्यांना या समजुतीमागचं गणित पहिल्या आठवड्यात कळतं: घड पिकतो तो सगळा एकाच दिवशी. त्यानंतर सकाळी केळी, दुपारी केळ्यांचा केक, रात्री आटवलेल्या डब्याच्या दुधात शिकरण, आणि अटलांटिकच्या मधोमध चार सुशिक्षित माणसं एकमेकांना 'अजून एक घे ना' असा आग्रह करताहेत.

पाण्याचं तर विचारूच नका. खाली चार हजार मीटर खोल पाणी आणि आंघोळीला बाटलीभर. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, आंघोळही त्यातच, आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक मग अंगावरून फिरवायचा. खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही, म्हणून भांडी घासायचं द्रावण डोक्याला लावणारे लोक या जगात आहेत आणि ते एरवी मोठ्या पदांवर असतात. गोड्या पाण्याचा शेवटचा मग वाचवायचा मोह झाला तर शिक्षा लगेच मिळते. पावसाळ्यात आपल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच इथे माणसाला सुटतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात भिजलेला सदरा उन्हात कडक वाळला तरी संध्याकाळ झाली की पुन्हा दमट. तीच गत उशीची, चादरीची आणि उशिरा का होईना, स्वभावाची. आकाशात काळा ढग दिसला की किनाऱ्यावरचा माणूस आडोसा शोधतो. बोटीवरचा माणूस साबण शोधतो.

आता झोप. दोघांची बोट असली तर रात्री एक जागा आणि एक आडवा, तीन-तीन किंवा चार-चार तासांच्या पाळीने. जुन्या जहाजांवरची चार तासांची पाळी दिवसाचे सहा समान भाग करते, आणि सहा ही समसंख्या असल्याने मध्यरात्रीची पाळी रोज त्याच दुर्दैवी माणसाच्या वाट्याला येते. म्हणून संध्याकाळी चार ते आठचे दोन तुकडे केले, त्याला 'डॉग वॉच' म्हणतात. आता भाग झाले सात आणि दुर्दैव आळीपाळीने वाटलं गेलं. आरमारांनी लढाया जिंकल्या त्या तोफांमुळे असं इतिहास सांगतो, पण तोफा चालवणारी माणसं एकमेकांच्या उरावर बसली नाहीत ती या भागाकारामुळे, असा माझा अंदाज आहे. नवरा-बायको मिळून समुद्र ओलांडतात तेव्हा लोकांना वाटतं, तीन आठवडे एकांत. प्रत्यक्षात दोघांची गाठ पडते ती पाळी बदलताना, पाच मिनिटं, एकाच्या डोळ्यांत झोप मावत नाही आणि दुसऱ्याच्या डोळ्यांतून ती अजून गेलेली नाही. बोलणं काय, तर वारा थोडा मागे सरकलाय, उजवीकडे एक जहाज आहे, बिस्किटं तू संपवलीस का. दिवसपाळी-रातपाळीची नोकरी करणारी मुंबईतली जोडपी हाच संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालवतात. फरक इतकाच की त्यांचा फ्रिज सरळ असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो रास्त आहे. हे सगळं व्यापारी वाऱ्यांच्या सुखाच्या पट्ट्यातलं झालं. दक्षिण महासागराचं काय? केप हॉर्नला अंडी उलटी करून भागतं का? नाही भागत. आपल्या नौदलातले अभिलाष टॉमी एकट्याने पृथ्वीला फेरी मारायच्या २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 'थुरिया' ही बोट घेऊन उतरले होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. त्या तीन दिवसांवर विनोद करायचा नसतो. पण वादळातून बाहेर पडलेल्यांचे अनुभव वाचले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: वादळात माणसाच्या हातात फार थोडं असतं, जे असतं ते वादळाआधी. खण बंद केला का, बॅटरी घट्ट बांधली का, शीड वेळेत आखडलं का, थर्मासमध्ये काही गरम भरून ठेवलं का. ही यादी आवरासावरीची आहे. आणि टॉमींचीच पुढची गोष्ट पाहा. तोच माणूस मणक्याची शस्त्रक्रिया करून २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरला, १९६८ च्या काळातलीच साधनं वापरायची या नियमाने, आणि २९ एप्रिल २०२३ ला २३६ दिवसांनी दुसरा आला. वाटेत वाऱ्यावर आपोआप चालणाऱ्या सुकाणूची पाती मोडली. बाजार बंद, दुकान नाही, लाकूड कुठून आणणार? त्यांनी शौचालयाचं दार कापून नवीन पातं केलं. एकट्या माणसाच्या घरात सर्वांत निरुपयोगी वस्तू कोणती, याचा इतका अचूक निर्णय मुरलेल्या संसारी माणसालाच सुचतो.

दुसरा आक्षेप याच उदाहरणातून निघतो: एकट्याने जाणाऱ्याला कसला आलाय संसार? इथे मूळपुरुषाकडे जायला हवं. जोशुआ स्लोकम हा पृथ्वीप्रदक्षिणा एकट्याने करणारा पहिला माणूस. 'स्प्रे' ही जेमतेम सदतीस फुटांची बोट घेऊन तो एप्रिल १८९५ मध्ये बोस्टनहून निघाला आणि जून १८९८ मध्ये ४६ हजार मैल फिरून परतला. समुद्रावर रेखांश काढायला अचूक घड्याळ लागतं. त्याच्याकडे ते होतं, पण दुरुस्तीला पंधरा डॉलर पडणार म्हणून त्याने ते घरी ठेवलं आणि एक पत्र्याचं घड्याळ घेतलं. तबकडी फुटलेली असल्याने ते दीडऐवजी एका डॉलरला मिळालं. पृथ्वीला फेरी मारायला निघालेला माणूस अर्ध्या डॉलरची घासाघीस करतो, यातच त्याची पात्रता सिद्ध होते. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत रात्री लुटारू चढू नयेत म्हणून त्याने डेकवर गालिच्याला ठोकायच्या चुका पसरून ठेवल्या आणि खाली जाऊन झोपला. रात्री अनवाणी पाहुणे आले आणि बोंबलत पाण्यात गेले. सेंट हेलेना बेटावर कुणीतरी त्याला शेळी दिली. त्या शेळीने वेस्ट इंडीजचा नकाशा खाल्ला आणि मग त्याची गवती टोपी खाल्ली, तेव्हा पुढच्या बेटावर तिची रवानगी झाली. पण माझ्या मुद्द्याला सर्वांत बळकटी देणारा प्रसंग अझोर्स बेटांनंतरचा आहे. तिथे मिळालेले प्लम आणि पांढरं चीज एकत्र खाऊन स्लोकमच्या पोटात असा गोळा उठला की तो केबिनमध्ये कोसळला. भ्रमात त्याला दिसलं की सुकाणूवर एक परका खलाशी उभा आहे. आपण कोलंबसच्या 'पिंटा' जहाजाचे वाटाडे आहोत असं त्याने सांगितलं, बोट नीट चालवली, आणि चीजबरोबर प्लम खायला नको होते असं ऐकवलं. महासागराच्या मध्यावर, तापाच्या भरात, एकट्या पुरुषाला जलपरी दिसू शकली असती. दिसली ती विरुद्ध आहारावर बोलणारी वडीलधारी व्यक्ती.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनचंही तेच. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी घालणारा हा पहिला माणूस, आणि त्याची 'सुहेली' ही बत्तीस फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. १४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून निघून तो २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. पहिल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण निघाले होते, पोचला हा एकटा. वाटेत बोट गळायला लागली, तेव्हा याने पाण्याखाली उतरून फटी बुजवल्या. मध्ये एक शार्क घुटमळायला लागला, त्याला गोळी घातली आणि उरलेलं काम पूर्ण केलं. इंजिनाच्या दुरुस्तीत अगदी बारीक फट मोजायची होती आणि मोजपट्टी नव्हती, तर त्याने वहीची किती पानं मिळून एक इंच होतं ते मोजलं आणि त्या हिशेबाने पानं घालून फट बसवली. या माणसाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर मानसोपचारतज्ज्ञाने तपासलं होतं. दोन्ही वेळा अहवाल एकच: काळजी वाटावी इतका नॉर्मल. वर्तमानपत्रांची केवढी निराशा झाली असेल! दहा महिने एकटा राहून माणूस ऋषी व्हावा किंवा वेडा तरी व्हावा, अशी आपली अपेक्षा असते. पण गळती, शिलाई, बॅटरी आणि भांडी यांतून सवड मिळाली तर वेड लागणार ना.

मग मॉइतेसिए काढला जातो, तिसरा आक्षेप म्हणून. बर्नार मॉइतेसिए, त्याच शर्यतीतला फ्रेंच वैरागी: जिंकायची शक्यता असताना त्याने बक्षिसाकडे पाठ फिरवली, केप टाउनपाशी एका जहाजाच्या डेकवर गलोलीने चिठ्ठी भिरकावून शर्यत सोडल्याचं कळवलं आणि युरोपात बायको वाट बघत असताना दुसऱ्यांदा केप ऑफ गुड होप ओलांडून ताहितीला गेला. हा तर खरा संन्यास! असेल. पण संन्याशाने निघण्यापूर्वी काय केलं, तर बोटीवरचं जादा सामान काढून टाकलं, दोर, नांगर, पुस्तकं, काय वाटेल ते, आणि पुढे समुद्रातही टाकत राहिला. मोक्षाची सुरुवात माळा आवरण्यापासून व्हावी हे आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध कसं जातं ते कळत नाही. दिवाळीआधी घराघरांत हेच चालतं, फक्त गलोल नसते.

खरं तर समुद्रप्रवास हा चुलीचा प्रश्न आहे हे सर्वांत आधी आपल्या शास्त्रीमंडळींनी ओळखलं होतं. सिंधुबंदीला आपण आता हसतो, पण तिच्यामागची हरकत काय होती? लाटांची भीती? मुळीच नाही. जहाजावर पाणी कुणाचं, स्वयंपाक कुणाच्या हातचा, पंगतीला शेजारी कोण, या काळज्या होत्या. जयपूरचे महाराज माधोसिंह १९०२ मध्ये इंग्लंडला निघाले तेव्हा त्यांनी चांदीचे प्रचंड रांजण भरून गंगाजल बरोबर नेलं. प्रत्येकात हजारो लिटर पाणी मावेल असे. अटलांटिकला निघालेला आजचा यॉटवाला याहून वेगळं काय करतो? चांदी नाही, प्लॅस्टिकचे कॅन असतात इतकंच. आणि भारताच्या सागर परिक्रमेची कल्पना ज्यांनी लावून धरली, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायला गेले ते फलटणजवळच्या विंचुर्णीला, पर्जन्यछायेच्या मुलखात. पाणी मापाने वापरायचं शिक्षण द्यायला याहून योग्य बंदर महाराष्ट्रात नसेल. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली आणि दिलीप दोंदे ती घेऊन ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. बोट बांधली जात असताना दोंदे स्वतः तिथे राबत होते. घर स्वतः उभं राहून बांधून घेतलं की कुठला पाइप कुठल्या भिंतीतून गेलाय हे ठाऊक असतं, आणि तेव्हा गवंड्याला फोन करावा लागत नाही. दक्षिण महासागरात गवंडी येत नाही.

शेवटचा आक्षेप नव्या जमान्याचा: आता खारं पाणी गोडं करणारं यंत्र आहे, उपग्रहावरून इंटरनेट आहे, सुकाणू आपोआप चालतं, मग घरकाम उरलंच कुठे? ज्यांच्या घरी वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टर आणि वॉशिंग मशीन आहे त्यांनी या प्रश्नाचं उत्तर स्वतःशीच द्यावं. प्रत्येक यंत्र एक काम वाचवतं आणि एक मेकॅनिक मागतं. बोटीवर ही यंत्रं मिठात, ओलीत आणि सततच्या हेलकाव्यांत चालायची असतात, आणि मेकॅनिक म्हणजे आपणच, डोक्याला टॉर्च बांधून, ओट्याखाली अर्धे शिरलेले. त्यातही यंत्रांचा राजा म्हणजे शौचालय. नवीन पाहुणा बोटीवर आला की त्याला जीवरक्षक जॅकेट कुठे आहे ते दोन वाक्यांत सांगतात आणि शौचालय कसं वापरायचं यावर वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक होतं: ही झडप उघडायची, हा दांडा इकडे करून पाणी आत घ्यायचं, मग तिकडे करून इतक्या वेळा हापसायचं, मग झडप न विसरता बंद करायची, कारण तिच्या पलीकडे महासागर आहे आणि त्याला आत यायला आवडतं. पाहुणा मान डोलावतो. तिसऱ्या दिवशी पंप अडकतो, आणि त्या दिवशी क्षितिजाकडे कुणीही बघत नाही.

निदान शेजाऱ्यांपासून तरी सुटका होते का? 'तारिणी' या छप्पन फुटी बोटीने २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. दुसऱ्या फेरीत 'तारिणी' पॅसिफिकमधल्या पॉइंट नेमोजवळून गेली. तिथून सर्वांत जवळची जमीन २६८८ किलोमीटरवर आहे, आणि डोक्यावरून जाणारं अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटरवर. म्हणजे पृथ्वीवरच्या सर्वांत एकाकी जागी पोचलं, तरी वरच्या मजल्यावर बिऱ्हाड आहेच. बाकीच्या बोटवाल्यांनी शेजाराची सोय स्वतःच करून घेतली आहे. ठरल्या वेळी रेडिओ लावायचा, आसपासच्या पाचशे-हजार मैलांतल्या बोटींनी आपापली जागा आणि हवामान सांगायचं. पहिल्या पाच मिनिटांत हवामान संपतं. मग कुणाचं शीड फाटलं, कुणाला मासा लागला, कुणाकडे अजून कोबी शिल्लक आहे, आणि अमुक बोटीवरची दोघं सध्या एकमेकांशी बोलत नाहीत ही बातमी येते.

'तारिणी'चा पहिला थांबा दोन्ही फेऱ्यांत ऑस्ट्रेलियातलं फ्रीमॅन्टल होता, आणि त्यानंतर न्यूझीलंडचं लिटल्टन. दोन्ही वेळा गोव्याहून निघाल्यावर दिवाळी समुद्रातच आली. या दोन्ही देशांत बाहेरून आलेल्या बोटीला एक विधी चुकत नाही, मग ती कुणाचीही असो. महिना-दीड महिना हेलकावे खाऊन बोट धक्क्याला लागते, माणसं सरळ जमिनीवर पाय ठेवतात तर जमीनच डुलतेय असं वाटतं, आणि इतक्यात हातमोजे घातलेला जैवसुरक्षा खात्याचा अधिकारी हसतमुखाने आत उतरतो. देशात रोगराई येऊ नये म्हणून ताजी फळं, भाज्या, कांदे, लसूण, मध, सगळं तो ताब्यात घेतो. मग त्याची नजर ओट्याखालच्या ट्रेकडे जाते. दर दोन दिवसांनी, वादळ असो की नसो, एकेक करून उलटी केलेली, व्हॅसलीनने चकाकणारी शेवटची सात अंडी तो पिशवीत घालतो, पिशवीचं तोंड बांधतो आणि पावतीवर सही मागतो.